माशाचं वय कसं काढायचं: ट्राउटचा खवला आणि ढोम्याचा खडा

ढोम्याचं कालवण खाताना डोकं चोखलं की दाताखाली एक पांढरा खडा येतो, तो आपण ताटाच्या कडेला काढतो आणि विसरून जातो. लहानपणी मी ते खडे धुऊन काड्यापेटीत जमवायचे, सासरी आल्यावर रत्नागिरीत पण जमवलेत, पण त्या खड्यात त्या माशाचं वय लिहिलेलं असतं हे मला कळलं ते पार हिमाचलात जाऊन, तीर्थन नदीच्या काठी. तिथे होमस्टेवाल्या भाईसाहेबांनी परमिट काढून गळाने धरलेला ब्राउन ट्राउट आणला, वीतभर, बरा दिसत होता पण आमच्या नजरेला पिल्लूच. मी म्हटलं एवढा लहान कशाला मारला, तर म्हणाले लहान कुठे, तीन-चार वर्षांचा असेल हा. माझा विश्वासच बसेना, कारण आमच्या मिरकरवाड्याच्या बंदरावर वीतभर बांगडा येतो तो जेमतेम वर्ष-दीड वर्षाचा. मग तिथेच उतरलेल्या एका फिशरीजच्या विद्यार्थ्याने सुरीच्या पाठीने चार खवले खरवडले, काचेच्या दोन पट्ट्यांत दाबले आणि मोबाईलला लावायच्या भिंगातून दाखवले. तेव्हापासून हा नाद लागला. घरच्यांना वाटतं डोक्यावर परिणाम झालाय, पण ते असो.

तर पहिली गोष्ट, लांबी बघून वय सांगू नका. मासा माणसासारखा अमुक वर्षांनी अमुक उंचीचा होत नाही. त्याची वाढ पाणी किती गार, खायला किती, गर्दी किती यावर असते आणि डोंगरातल्या ओढ्यात तिन्ही गोष्टी त्याच्या विरोधात. इंग्लंडमधे ब्राउन ट्राउटवर जे प्रयोग झाले त्यात पोटभर खायला दिलं तर वाढ सगळ्यात जास्त साधारण १३ अंशांना, ४ च्या खाली आणि १९-२० च्या वर जवळजवळ बंद. आता बर्फाचं पाणी वाहणाऱ्या ओढ्यात वर्षातले किती महिने पाणी या मधल्या पट्ट्यात असेल विचार करा. आणि पंचवीसच्या पुढे तर तो जगतच नाही, म्हणून आमच्या पऱ्यात (ओढ्यात) ट्राउट सोडता येईल का असं विचारणाऱ्या भाच्याला मी मे महिन्यात पऱ्यात पाय बुडवून बघ म्हटलं. हिमालयातला पण तो मूळचा नाहीच, ब्राउन ट्राउट इंग्रजांनी आणला, स्कॉटलंडहून अंड्यांची पहिली खेप वाटेतच मेली आणि १९०० साली दुसरी काश्मीरला जिवंत पोचली, तिथून पुढे १९०९ च्या सुमाराला कुल्लूकडे.

पण गंमत म्हणजे हाच कडक हिवाळा वय मोजणाऱ्याचा दोस्त. कसं ते सांगते. माशाच्या अंगावरचे खवले किती हे लहानपणीच ठरतं, मासा मोठा झाला की नवीन खवले येत नाहीत, आहेत तेच कडेकडेने वाढतात. वाढताना खवल्यावर बारीक गोल रेघा उमटतात. उन्हाळ्यात खाणं भरपूर, वाढ जोरात, रेघा एकमेकींपासून लांब लांब. थंडीत वाढ थांबत आली की रेघा एकमेकींना चिकटून, काही अर्धवट तुटलेल्या. परत वसंतात रेघा लांब लांब पडायला सुरुवात. तर ही दाटीची जागा म्हणजे एक हिवाळा, मी त्याला वळं म्हणते. वळी मोजा, वय आलं. खवल्यावरून वय मोजायची पद्धत १८९८ मधे हॉफबाउर नावाच्या जर्मन माणसाने तळ्यातल्या कार्प माशांवर दाखवली, त्याला त्या माशांचं खरं वय माहीत होतं म्हणून ताळा करता आला. वर्षभरात राइबिश नावाच्या दुसऱ्या जर्मनाने हेच डोक्यातल्या खड्यावर करून दाखवलं.

आता करायचं कसं. ट्राउट तुमच्या ताटात येणारच असेल तरच खवले घ्या, नुसत्या हौसेसाठी मासा मारू नका, आणि हिमाचलात नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट धरायला बंदी असते ते लक्षात ठेवा. फार्मचा ट्राउट या कामाला तितका उपयोगी नाही, त्याला रोज गोळी-खाद्य मिळतं, वर्ष-सव्वा वर्षात पाव किलोचा होतो आणि वळी नीट उमटत नाहीत. ओढ्यातला हवा. खवले कुठूनही नाही खरवडायचे. पाठीवरचा मोठा पर आणि शेपटीजवळचा तो छोटा मऊ मांसल पर, या दोघांच्या मधली जागा, आणि अंगावरून जी आडवी रेघ जाते तिच्या जरासं वर. तिथले खवले आधी उगवतात म्हणून त्यांच्यात जन्मापासूनची गोष्ट जास्त पूर्ण असते. आधी सुरी साफ पुसा (नाहीतर आधीच्या माशाचे खवले मिसळतात, माझं झालंय), मग शेपटीकडून डोक्याकडे हलकेच खरवडा. आठ-दहा खवले घ्या, एकावर भागत नाही. कारण ओढ्यात दगडाला घासून, दुसऱ्या माशाने चावून खवले पडतात आणि त्या जागी नवा येतो तो पटकन मोठा होतो पण मधली सगळी वर्षं त्यात नसतात. असा खवला ओळखायला सोपा, मधोमध रेघाच नाहीत, वितळून गार झालेल्या काचेसारखा कोरा डाग. तो सरळ फेकून द्या. माझ्या पहिल्या खेपेतल्या नवांपैकी सहा असे निघाले आणि मी त्यांच्यावरून मासा एक वर्षाचा ठरवून मोकळी झाले होते.

खवले कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकून दहा मिनिटं ठेवा, चिकट बुळबुळीत थर बोटांनी चोळून काढा, ट्राउटचा खवला दीड-दोन मिलिमीटरचा असतो तेव्हा बेसिनमधे नको, वाटीत. मग दोन काचपट्ट्यांच्या मधे पसरून दोन्ही टोकांना सेलोटेप. शाळेतला मायक्रोस्कोप मिळाला तर सगळ्यात छोटं भिंग लावा, चाळीस पट पुरे, जास्त मोठं केलं तर एका कोपऱ्यातच हरवायला होतं. नाही मिळाला तर मोबाईलचं क्लिपवालं मॅक्रो भिंग, खाली दुसऱ्या मोबाईलचा टॉर्च आणि मधे ट्रेसिंग पेपर. टॉर्च जरा तिरका धरला की रेघा उठून दिसतात, हे मी कुठे वाचलं नाही, सासूबाईंनी तांदूळ निवडताना ताट उजेडाकडे तिरकं धरलं ते बघून सुचलं.

फोटो काढा आणि मोठ्या स्क्रीनवर मोजा. खवल्याचा जो भाग कातडीत रुतलेला असतो तिकडे रेघा जास्त स्वच्छ असतात, केंद्रापासून त्या बाजूला सरळ कडेपर्यंत जा. दाटी दिसली की लगेच वळं म्हणू नका, ती दाटी खवल्याच्या दोन्ही अंगांनी फिरते का बघा. फिरत नसेल, अर्ध्यातच संपत असेल तर ते खोटं वळं, म्हणजे पूर आला असेल, गढूळ पाण्यात उपाशी राहिला असेल, काहीतरी. वय लिहायची पद्धत अशी की तीन हिवाळे पूर्ण आणि पुढे थोडी वाढ दिसली तर ३+, आणि सगळ्या माशांचा वाढदिवस १ जानेवारी धरतात, मग अंडं कधी का फुटेना. आपल्याकडे जुन्या माणसांची जन्मतारीख मास्तरांनी १ जून लावून टाकलेली असते ना, तसंच. हिशोबाला सोपं पडतं.

दोन ठिकाणी फसायला होतं आणि दोन्ही गार डोंगरी पाण्यातच जास्त. एक, पहिला हिवाळाच गायब असतो. ट्राउटच्या पिल्लाला खवले येतात ते तीन-चार सेंटिमीटरचं झाल्यावर, आणि उंचावरच्या ओढ्यात अंडी उशिरा फुटतात, उन्हाळा चिमूटभर, त्यामुळे पिल्लू पहिल्या थंडीत शिरतं तेव्हा अंगावर खवले नसतातच किंवा दोन-चार रेघांचे असतात. मग वळं उमटणार कुठे? म्हणून केंद्रापासून पहिल्या वळ्यापर्यंतच्या रेघा मोजा, त्याच ओढ्यातल्या बाकी माशांपेक्षा खूपच जास्त निघाल्या तर पहिलं वर्ष लिहायचं राहिलंय समजा आणि एक वाढवा. दुसरी फसगत म्हाताऱ्या माशात. वाढ जवळपास थांबली की वळी कडेला इतकी चिकटतात की दिसत नाहीत, त्यात अंडी घालायच्या हंगामात उपाशी मासा खवल्याच्या कडेतलं कॅल्शियम परत अंगात ओढून घेतो, म्हणजे पानं फाडलेली वही. अशावेळी खवला नेहमी वय कमीच सांगतो. कॅलिफोर्नियात सिएरा नेव्हाडा डोंगरात बनी लेक म्हणून एक तळं आहे, तिथल्या खुरटलेल्या ब्रूक ट्राउटवर लक्ष ठेवलं तर ते चोवीस वर्षांपर्यंत जगलेले निघाले. एरवी ही जात चार-पाच वर्षांत संपते. गार पाणी आणि उपासमार यात मासा वाढत नाही, पण मरतही नाही लवकर.

वयाच्या पुढची मजा म्हणजे मासा मागच्या वर्षी केवढा होता ते पण काढता येतं. शाळेतलं गणित आहे, घाबरू नका. समजा मासा २२ सेंमीचा. फोटोत केंद्रापासून कडेपर्यंत पट्टीने ५० मिमी, पहिलं वळं १४ वर, दुसरं २९, तिसरं ४२. खवला यायच्या वेळी मासा ३ सेंमी होता असं धरू, ते आधी बाजूला काढायचं, उरले १९. आता १९ गुणिले १४ भागिले ५०, आले ५.३, त्यात ते ३ परत मिळवा, म्हणजे पहिल्या हिवाळ्यात मासा ८.३ सेंमी होता. तसंच दुसऱ्याला १४, तिसऱ्याला १९. म्हणजे दुसऱ्या वर्षात पावणेसहा सेंमी वाढला, तिसऱ्यात पाचच. ते ३ बाजूला काढायचं विसरलात तर पहिल्या वर्षाचा मासा सहाच सेंमीचा येतो, सगळं चुकतं.

हे सगळं शिकून मी रत्नागिरीला आले आणि मोठ्या तोऱ्यात बांगड्याचा खवला बघायला घेतला. काही नाही! नुसत्या रेघा, वळं कुठेच नाही. मग कळलं की आमच्या समुद्राला हिवाळाच नाही तर तो लिहिणार काय. इथे जे काही उमटतं ते पावसाळ्यात पाणी बदलतं, खाणं बदलतं, अंडी घालायचा हंगाम येतो त्याचं, आणि ते वर्षातून एकदाच उमटेल याची गॅरंटी नाही. शिवाय बाजारात येईपर्यंत बर्फात, क्रेटमधे घासून बांगडा-पेडव्याचे अर्धे खवले गेलेले असतात. म्हणून आपल्याकडे खवल्याचा हट्ट सोडा आणि डोक्यातल्या खड्याकडे वळा.

खडे कानातले असतात, तोल सांभाळायला आणि ऐकायला, एकूण तीन जोड्या, चुन्याचे बनलेले. जन्मल्यापासून थरावर थर चढत जातो आणि उपासमारीत पण मासा यातलं काही परत काढून घेत नाही, म्हणून खवल्यापेक्षा भरवशाचे. शिकायला ढोमा सगळ्यात चांगला, ढोमा आणि घोळ एकाच कुळातले आणि या कुळाचे खडे अंगाच्या मानाने चांगले दणदणीत. घोळीच्या भोताला (पोटातल्या हवेच्या पिशवीला) काय भाव येतो हे बंदरावरच्या शेंबड्या पोराला पण माहीत असतं, खड्याला मात्र कोणी विचारत नाही, त्यामुळे फुकट मिळतात. बांगड्याचे खडे इवलेसे, पारदर्शक, चिमट्यात धरले की मोडतात, ते नंतर करा. नदीतल्या म्हाशीर, कार्प वगैरेंचा मोठा खडा उलट सुईसारखा बारीक असतो, त्यांच्यात दुसरी जोडी बघावी लागते, ती नवशिक्याचं काम नाही.

ढोम्याचं डोकं विळीवर धरून मधोमध उभं चिरा, टाळूकडून. मेंदूच्या खालच्या बाजूला दोन्हीकडे एकेका खोबणीत खडा बसलेला असतो, चिमट्याने अलगद उचलला की निघतो. चिरायचं नसेल तर कालवण करून खा आणि मग काढा, शिजल्याने वाटोळं होत नाही, पण लांबी आधी मोजून ठेवा, ताटातल्या डोक्यावरून लांबी काढता येत नाही! धुवायला साधं पाणी आणि जुना टूथब्रश. इथे माझा एक मोठा मूर्खपणा सांगते. खड्यांना वास राहू नये म्हणून मी अकरा खडे रात्रभर कोकमाच्या आगळात टाकले, माशाचा वास घालवायला आपण तेच करतो म्हणून. सकाळी बघते तर खडबडीत, भुसभुशीत, वरचे थर गेलेले आणि दोन बारके तर हातात घेताच चुरा. चुना आणि आंबट, काय होणार दुसरं. लिंबू, व्हिनेगर, चिंच काही काही लावायचं नाही.

अख्खा खडा जाड असतो, आतलं दिसत नाही. काचपट्टीवर नेलपॉलिशने उभा चिकटवा, एक दिवस सुकू द्या, मग पाणी लावून घासायच्या पॉलिश पेपरवर हळूहळू मधल्या ठिपक्यापर्यंत घासा. ठिपका दिसला की थांबा, तिथून एक मिलिमीटर पुढे गेलात की जन्मच पुसला गेला. घासलेल्या बाजूवर खोबरेल तेलाचा थेंब टाका, थरांचे पट्टे एकदम उजळतात, तेच मोजायचे. तरी दिसत नसतील तर दुसरा खडा मधोमध मोडून मोडलेली बाजू गॅसच्या बारीक आचेवर चिमट्यात धरून तपकिरी होईपर्यंत भाजा, हळू वाढीचे पट्टे जास्त काळपट होतात. मेणबत्ती नको, काजळी धरते.

मोजताना लांबी लपवून मोजा. माझा भाचा आणि मी वेगवेगळे मोजतो, आठ दिवसांनी परत मोजतो, दोघांचं जुळलं तरच वहीत. मासा मोठा दिसला की हात आपोआप एक पट्टा जास्त मोजतो, खोटं नाही सांगत.

आणि तो पट्टा खरंच वर्षाचा आहे का? त्यासाठी एकाच जातीचे दहा-बारा मासे दर महिन्याला घ्या आणि शेवटच्या पट्ट्यापासून कडेपर्यंत किती नवीन थर चढलाय ते बघत राहा. वर्षात एकदाच तो थर अगदी बारीक झाला तर पट्टा वर्षाचा. दोनदा झाला तर मोजलेल्याचे अर्धे करा. अडचण अशी की १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना बंदी, नेमका आपल्याला हवा तोच काळ, तेव्हा खाडीत पागाने (फेकायच्या जाळ्याने) धरणाऱ्या कोणाशी ओळख ठेवा.

बांगडा, पेडवे यांच्यासारख्या दोन-तीन वर्षांत आटोपणाऱ्या माशांना मी तर चिरफाडच करत नाही, सरळ लांब्या मोजते. ही पद्धत डेन्मार्कच्या पीटरसनची, १८९० च्या दशकातली. शे-दोनशे बांगडे मोजा, एकेक सेंमीचे खाने करून किती कुठे पडले त्याचा आलेख काढा, एक-दोन उंचवटे येतात, एकेक उंचवटा म्हणजे एकेका हंगामात जन्मलेली पिढी. पुढच्या महिन्यात परत मोजा, उंचवटा उजवीकडे सरकलेला असतो, जेवढा सरकला तेवढी महिन्याची वाढ. फक्त एक, लिलावात गेलात तर मोठे वेगळे, बारके वेगळे लावलेले असतात, एकाच क्रेटवर मोजलंत तर एकच उंचवटा दिसणार. न निवडलेल्या ढिगावर मोजा. मी पहिल्यांदा शिंप्याची टेप घेऊन गेले तर मासेवाल्या ताई म्हणाल्या, "काय गो बाय, मासे घ्यायचेत का ब्लाऊज शिवायचाय त्यांना?" आता त्याच टेप धरतात, बदल्यात मी दोन किलो घेऊनच जाते.

याचा उपयोग काय असं विचारतात लोक. पापलेट १३५ मिमीच्या खालचं धरू नये असा नियम महाराष्ट्रात २०२३ ला आला, एकूण ५४ जातींना अशी किमान लांबी ठरवली. ही लांबी ठरवतात मासा कितव्या लांबीला पहिल्यांदा अंडी घालतो यावरून, आणि तिथपर्यंत पोचायला त्याला किती दिवस लागतात ते वय मोजल्याशिवाय कळत नाही. नॉर्वेत हेरिंगचे खवले मोजून कळलं की १९०४ साली जन्मलेली एकच पिढी पुढे कित्येक वर्षं कोळ्यांना पोसत होती, मधल्या वर्षांतली पिल्लं जगलीच नव्हती फारशी. म्हणजे जाळं भरलंय याचा अर्थ सगळं आलबेल असा नाही.

आता पऱ्यातले मासे. वळगणीला, पहिल्या पावसात जे मासे उलटे चढतात, त्यांच्या पोटात अंडी असतात, त्यांना तर हात लावूच नका, मोजायला पण नाही. बाकी वेळी जिवंत माशाचे खवले घ्यायचे तर हात ओले करून, पाण्यातच धरून, चार-पाच खवले आणि सोडून द्या. मे महिन्यात कोंडीत अडकलेल्या माशांची वाढ खुंटते त्याची खूण खवल्यावर उमटते का हे बघायचा माझा विचार चाललाय. महाडकडे वाळणकोंडीत देवीचे म्हाशीर आहेत, तळहाताएवढ्या अंतरावर येऊन चुरमुरे खातात, तिथे मात्र फक्त बघायचं.

शेवटचं, जपून ठेवणं. खवले कागदी पाकिटात, वर तारीख, जागा, जात, लांबी, कोणी धरला. लॅबवाले हेच करतात पण त्यांच्याकडे एसी असतो, आपल्याकडे जुलैत पाकिटासकट बुरशी. पाकिटं स्टीलच्या डब्यात, तळाशी कापडात बांधलेले भाजलेले तांदूळ, आणि पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी तांदूळ परत भाजायचे. डब्यावर नाव घाला मोठ्या अक्षरात. आमच्याकडे तो डबा एकदा पापडांचा समजून उघडला गेलाय.